पाटीवरची बास्क, रस्त्यावरची बास्क

बास्क देशातल्या प्रवासाचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगानं सापडतात. बहुतेकांची सुरुवात सारखीच. गाडी शहरात शिरते आणि कॅमेरा पाटीकडं वळतो. एकाच पाटीवर दोन नावं: सान सेबास्तियान आणि दोनोस्तिया, पाम्प्लोना आणि इरुन्या, व्हितोरिया आणि गास्तेइस. मग प्रवासी सांगतो की ही युरोपातली सगळ्यात गूढ भाषा, जगातल्या कुठल्याही भाषेशी हिचं नातं लागत नाही, लॅटिन यायच्या आधीपासून ती इथं आहे. मग खाणंपिणं, मग बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम, मग समुद्रकिनारा. संपला व्हिडिओ.

सांगतात ते खोटं नाही. पण प्रवाशाला भाषा दिसते ती पाटीवर, आणि सीमाभागात वाढलेल्या आपल्यासारख्यांनाही पाटीचं वेड जरा जास्तच. म्हणून हे लिहायला घेतलं. मी स्वतः तिकडं गेलेले नाही, माझ्याकडं पासपोर्टसुद्धा नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला राष्ट्रवादावर एक पेपर आहे, त्यासाठी बास्कांबद्दल वाचायला लागले आणि परीक्षा झाली तरी सुटले नाही.

बास्क हे नाव लांबचं वाटत असेल तर एक आठवण करून देते. जुन्या गोव्यात बॉम जेजूच्या चर्चमध्ये ज्याचं शव ठेवलंय, ज्याला गोव्यातले लोक 'गोंयचो सायब' म्हणतात, तो फ्रान्सिस झेवियर नाव्हार्रातला. जन्म १५०६ चा. दक्षिणेच्या मासेमारी किनाऱ्यावरून त्यानं रोमला पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की इथल्या लोकांची भाषा वेगळी आणि माझी जन्माची भाषा बिस्काइयाची, त्यामुळं आम्हाला एकमेकांचं कळत नाही. बिस्काइयाची म्हणजे बास्क. म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्यातलं सगळ्यात प्रसिद्ध शव एका बास्क बोलणाऱ्याचं आहे. त्याच गोव्यात पुढं १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. झेवियर जाऊन तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं झाली होती, त्यामुळं त्याचा दोष त्याच्यावर टाकण्यात अर्थ नाही. पण भाषा अशी हुकुमानं मोडायचे प्रयोग त्याच्या स्वतःच्या मुलखातही व्हायचे होते.

आता खऱ्या प्रवाशाकडं येते. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट, जर्मन विद्वान. शोधक अलेक्झांडर हुम्बोल्टचा मोठा भाऊ, पुढं बर्लिन विद्यापीठ उभं करणारा. १७९९ मध्ये स्पेनला जाताना तो बास्क मुलखातून गेला आणि त्याला ती भाषा इतकी आवडली की १८०१ मध्ये मुद्दाम तेवढ्यासाठी परत आला. दुरांगो नावाच्या गावात आस्तार्लोआ या पाद्र्याकडं बसून त्यानं व्याकरण समजून घेतलं, गावोगाव फिरला, नाच, शेती, कायदे, पंचायती सगळं टिपलं. त्याच्याआधी बास्कांकडं इतक्या आदरानं बघणारा परका माणूस क्वचितच झाला असेल. आणि इतकं प्रेम करून शेवटी त्यानं लिहिलं काय? की शंभर वर्षांच्या आत ही भाषा बहुधा जिवंत भाषांच्या यादीतून जाईल.

बरोबर शंभर वर्षांनी, १९०१ मध्ये, बिल्बाओच्या एका साहित्यसोहळ्यात मिगेल दे उनामुनो उभा राहिला. हा तर बिल्बाओचाच, घरचा माणूस, स्पॅनिशमधला मोठा लेखक, आणि बास्क विषयातलाच डॉक्टर. त्यानं आपल्याच लोकांना सांगितलं की बास्क मरतेय, आधुनिक विचार तिला पेलवत नाही, तिला मानानं पुरून टाकूया. सभेत मोठा गोंधळ झाला.

परका म्हणाला मरेल, घरचा म्हणाला पुरा. दोघंही हुशार. दोघांचंही चुकलं. का चुकलं, हा माझा मुद्दा आहे.

दोघांनीही भाषेकडं एखाद्या जुन्या वाड्यासारखं बघितलं. वाडा पडायला आलाय, वर्षागणिक एक भिंत खचतेय, हिशेब सोपा. पण बास्क लोक स्वतःला काय म्हणवतात ते बघा. त्यांच्या भाषेचं नाव एउस्कारा, आणि माणसाला शब्द एउस्काल्दुन. अर्थ काय, तर 'ज्याच्याकडं एउस्कारा आहे तो'. म्हणजे शब्दात ना रक्त आहे, ना जात, ना जन्मगाव. बाकी जगातल्या सगळ्या भाषांना मिळून एकच शब्द, एर्दारा. हे वाचून मला हसू आलं, कारण इतका लहान समाज आणि ऐट बघा!

गंमत म्हणजे बास्क राष्ट्रवादाचा जनक साबिनो आराना यालाच हे पटलेलं नव्हतं. १८९५ मध्ये त्यानं पक्ष काढला तेव्हा रक्त आणि आडनाव आधी, भाषा नंतर. गिरण्यांत, खाणींत, पोलादाच्या कारखान्यांत कामाला आलेले स्पॅनिश मजूर त्याला नकोच होते. त्याच्या मागं गेले असते तर बास्क आज म्युझियममध्येच सापडली असती, असं मला वाटतं. १९६० च्या दशकातल्या पिढीनं हे उलटं केलं: भाषा आधी. शिकेल तो आपला. शिकून बोलणाऱ्याला त्यांनी वेगळं नावही दिलं, एउस्काल्दुन बेर्री, म्हणजे नवा बास्क. गालिसिया, अँडलुसियातून आलेल्या मजुरांची नातवंडं आज बास्कमध्ये गाणी लिहितात, बातम्या देतात.

मधल्या काळात फ्रँको होता. १९३९ ते १९७५. बाळाचं नाव बास्कमध्ये नोंदवायला मनाई, शाळेत बास्क नाही, कचेरीत तर नाहीच. शाळेतल्या अंगठीची पद्धत त्याच्याही आधीपासूनची. वर्गात जो बास्क बोलेल त्याच्या हातात मास्तर अंगठी द्यायचे. त्यानं ती दुसऱ्या कुणाला बास्क बोलताना पकडून त्याच्या हातात सरकवायची. दिवसाच्या, नाहीतर आठवड्याच्या शेवटी ज्याच्याकडं अंगठी राहील त्याला मार. मास्तरला काही करावंच लागत नाही, पोरंच एकमेकांवर पाळत ठेवतात. राज्यशास्त्रात आम्ही सत्तेच्या शंभर व्याख्या पाठ करतो, पण या अंगठीइतकी नेमकी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

याच काळात दोनोस्तियाच्या जुन्या भागात एल्बिरा सिपित्रिया नावाची शिक्षिका आपल्या राहत्या घरी मुलं जमवून बास्कमध्ये शिकवत होती. १९४० च्या दशकातली गोष्ट. मूठभर पोरं, ना पाटी, ना शाळेचं नाव. तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींनी पुढं असेच वर्ग काढले, पालक एकत्र आले, वर्गणी काढली, आणि १९६० नंतर इकास्तोला नावाच्या बास्क शाळा गावोगाव उभ्या राहिल्या. कुणीही प्रवासी त्या वेळी दोनोस्तियाच्या त्या गल्लीतून गेला असता तर त्याला बास्कचं एक अक्षर दिसलं नसतं. वर खोलीत मात्र भाषा शिकवली जात होती.

शाळा निघाल्या तशी अडचण आली की शिकवायची कुठली बास्क? प्रत्येक खोऱ्याची बोली निराळी. बास्क अकादमीनं १९६८ मध्ये आरान्त्सासुच्या मठात परिषद भरवली आणि कोल्दो मिचेलेना या भाषाशास्त्रज्ञाच्या मांडणीवर प्रमाण भाषा ठरवायला घेतली. तिला बातुआ म्हणतात, म्हणजे 'एक केलेली'. आणि भांडण कशावरून पेटलं? 'ह' वरून! स्पेनकडच्या बास्कांच्या तोंडातून 'ह' कधीच गेलेला, फ्रान्सकडच्यांनी तो जपलेला. लिहिताना ठेवायचा की नाही यावर वर्षानुवर्षं वाद झाले. शेवटी 'ह' राहिला. म्हणून आज देशाचं नाव 'एउस्काल हेर्रिया' लिहितात आणि बहुतेक लोक 'एर्रिया' म्हणतात. नदीपलीकडच्या थोड्या लोकांसाठी अलीकडच्या बहुसंख्यांनी आपल्या तोंडात नसलेलं अक्षर लिहायचं मान्य केलं. आमच्या हेलाला पुण्यात गेल्यावर जे हसतात त्यांनी ही गोष्ट एकदा वाचावी. आणि प्रमाण मराठी म्हणजे आपली नव्हेच असं म्हणून फुरंगटून बसणाऱ्या आपल्यातल्यांनीही वाचावी.

आता कायद्याकडं वळते, कारण सीमेच्या पोरांना खरा रस इथं वाटेल. बास्क मुलूख सात प्रांतांचा. बिस्काइया, गिपुस्कोआ, आराबा आणि नाफार्रोआ हे चार स्पेनमध्ये. लापुर्दी, खालचा नाफार्रोआ आणि सुबेरोआ हे तीन फ्रान्समध्ये. मध्ये बिदासोआ नदी. नदीत एक छोटं बेट आहे, तितराच्या जातीच्या फेझंट पक्ष्याचं नाव असलेलं. १६५९ चा स्पेन-फ्रान्स तह तिथंच झाला. आजही ते बेट वर्षातले सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं असतं. तिथं राहत कुणीच नाही. दोन देश इतक्या सभ्यपणानं रिकामं बेट वाटून घेतात, आणि त्याच नदीच्या दोन काठांवर एकाच भाषेला मिळणारी वागणूक बघा.

दोनोस्तियाहून एक लहान रेल्वे निघते, लोक तिला तोपो म्हणतात, म्हणजे जमिनीखालून जाणारा चिचुंद्रीसारखा प्राणी, कारण बोगदे फार. तासाच्या आत ती नदी ओलांडून फ्रान्समधल्या एन्दाइयाला पोचते. दोनोस्तियात बास्क ही स्पॅनिशच्या बरोबरीची राजभाषा. १९७९ च्या गेर्निका कायद्यानं ती झाली, १९८२ मध्ये तिच्या वापराचा कायदा आला. शाळेत पालक माध्यम निवडतात. स्पॅनिश माध्यम म्हणजे 'अ' प्रकार, निम्मं-निम्मं म्हणजे 'ब', आणि पूर्ण बास्क म्हणजे 'ड'. 'सी' प्रकार नाही, कारण बास्क वर्णमालेत 'सी' अक्षर जवळपास नाहीच. आज बहुसंख्य पालक 'ड' निवडतात. टीव्ही वाहिनी आहे. नव्वदच्या दशकातल्या पोरांनी ड्रॅगन बॉल बास्कमध्ये बघितलं.

गाडी नदी ओलांडते आणि फ्रान्समध्ये बास्कला राजभाषेचा दर्जा शून्य. प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच, असं घटनेच्या दुसऱ्या कलमात १९९२ पासून लिहिलंय. २००८ मध्ये प्रादेशिक भाषा हा 'फ्रान्सचा वारसा' असल्याचं एक कलम घातलं, पण वारसा म्हटलं की काम भागतं, हक्क द्यावा लागत नाही. तिथल्या इकास्तोला १९६९ पासून सेआस्का या पालकांच्या संस्थेनं चालवल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये संसदेनं सगळं शिक्षण प्रादेशिक भाषेतून देणं मान्य करणारा कायदा केला, आणि मेमध्ये घटना परिषदेनं नेमकं तेच कलम रद्द केलं.

तिसरा प्रकार नाफार्रोआचा. झेवियरचा प्रांत. १९८६ च्या कायद्यानं प्रांताचे तीन पट्टे पाडले: बास्कभाषक, मिश्र आणि बिगरबास्क. तुमचा भाषेचा हक्क तुम्ही कुठल्या पट्ट्यात राहता त्यावर ठरतो. घर बदललं की हक्क बदलला. यावर मी जास्त काही लिहीत नाही, तुम्हाला कळतंय.

आकडे सांगते. सोळा वर्षांवरच्या लोकांत बास्क नीट बोलू शकणारे किती, हे दर पाच वर्षांनी मोजतात. स्पेनमधल्या तीन प्रांतांच्या स्वायत्त भागात १९९१ मध्ये २४ टक्के, २०२१ मध्ये ३६ टक्के. नाफार्रोआत साडेनऊवरून १४. फ्रान्सकडं १९९६ मध्ये २६ टक्के होते, ते २०२१ मध्ये २० वर आले. भाषा तीच, लोक तेच, नदी उडी मारून ओलांडावी एवढीशी. 'घरात बोला म्हणजे भाषा टिकते, कायद्याचं काय घेऊन बसलात' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हा तिसरा आकडा दाखवावा. फ्रान्सकडच्या बास्कांचं भाषेवर प्रेम कमी होतं असं कुणी म्हणू शकणार नाही. त्यांना कायदा नव्हता.

इथं कुणीतरी एताचं नाव काढणारच, म्हणून मीच काढते. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेनं आठशेहून जास्त माणसं मारली. २०११ मध्ये शस्त्रं थांबवली, २०१८ मध्ये विसर्जन. दुसऱ्या बाजूनं, ऐंशीच्या दशकात सरकारी पैशावर पोसलेल्या टोळ्यांनीही खून केले, आणि त्या प्रकरणात स्पेनच्या माजी गृहमंत्र्याला १९९८ मध्ये शिक्षा झाली. माझ्या वयाच्या काही जणांना या बंदुकांचं आकर्षण वाटतं, चर्चेत ते जाणवतं. त्यांनी एवढंच दाखवून द्यावं की त्या गोळ्यांमुळं एक तरी माणूस जास्त बास्क बोलायला लागला. झालं उलटंच. बास्क बोलणारा म्हणजे एताचा, असा संशय भाषेलाच चिकटला. २००३ मध्ये एगुन्कारिया हे संपूर्ण बास्क दैनिक एताशी संबंध असल्याच्या आरोपावरून न्यायाधीशानं बंद केलं. २०१० मध्ये सगळे निर्दोष सुटले, पण पेपर गेला तो गेलाच. वाचकांनी वर्गणी काढून काही महिन्यांतच बेरिया नावाचं नवं दैनिक उभं केलं होतं, ते आजही चालतंय.

आता पाटीकडं परत. ज्या भागात ३६ टक्क्यांना बास्क येते, सोळा ते चोवीस वयातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश पोरांना येते, तिथं रस्त्यावर किती ऐकू येते? हेही मोजतात, आणि पद्धत मजेशीर आहे. मोजणारे लोक गावोगाव रस्त्यांवर फिरतात, काही न विचारता कान देऊन ऐकतात आणि नोंदवतात. १९८९ पासून सगळ्या मुलखाचा हा आकडा दहा ते चौदा टक्क्यांच्या मध्येच घुटमळतोय. मधे थोडा चढला, आता परत अकराच्या आसपास आलाय. पाट्या शंभर टक्के दोन भाषांत, शाळा भरलेल्या, आणि रस्त्यावर अकरा.

कारण साधं आहे. चार मित्र बसलेत, तिघांना बास्क येते, एकाला नाही. चौघं स्पॅनिश बोलतात. दुकानात गेलं, समोरच्याला येते की नाही माहीत नाही, उगाच कशाला, म्हणून स्पॅनिश. दोघांनाही येत असते, आणि दोघंही सभ्यपणानं दुसऱ्या भाषेत बोलून निघून जातात. यात सरकार नाही, कोर्ट नाही, अंगठी घेऊन उभा असलेला मास्तरही नाही. बेळगावातल्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जाऊन बघा.

बास्कांनी यावर केलेल्या गोष्टी मला त्यांच्या पाट्यांपेक्षा जास्त शिकवतात. बेर्त्सोलारी म्हणजे जागच्या जागी, दिलेल्या विषयावर, चालीत बसवून कवन रचणारे. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबाची आठवण यावी असा प्रकार. फरक एवढाच की दर चार वर्षांनी त्याच्या अंतिम फेरीला हजारो माणसं, त्यात तरुणच फार, तिकीट काढून दिवसभर बसतात. २००९ मध्ये मायालेन लुहान्बियो ही पहिली स्त्री विजेती झाली. १९८० पासून दर दोन वर्षांनी कोर्रिका निघते. दिवसरात्र न थांबता सगळ्या मुलखातून, नदीच्या दोन्ही काठांवरून, दोन हजारांहून जास्त किलोमीटर धावायचं. प्रत्येक किलोमीटर कुणीतरी विकत घेतं, कधी शाळा, कधी बेकरी, कधी मित्रांचा गट. तो पैसा मोठ्या माणसांना बास्क शिकवणाऱ्या वर्गांना जातो. धावण्याच्या दांड्यात एक निरोप लपवलेला असतो, तो शेवटच्या गावात उघडून वाचतात.

आणि २०१८ मध्ये एउस्काराल्दिया. अकरा दिवस, दोन लाखांहून जास्त माणसं, छातीवर बिल्ला. बिल्ले दोन प्रकारचे. एक 'आओबिसी', साधारण 'जिवंत तोंड': मी समोरच्या समजू शकणाऱ्या प्रत्येकाशी बास्कच बोलणार. दुसरा 'बेलार्रिप्रेस्त', म्हणजे 'कान तयार': मला बोलता येईल न येईल, पण कळतं, तुम्ही माझ्याशी बास्कच बोला. या दुसऱ्या बिल्ल्याचं मला फार कौतुक वाटतं. अर्धवट येणाऱ्याला आपण एक तर शिकवायला जातो नाहीतर हसतो. त्यांनी त्याला कामाला लावलं.

माझी मामेबहीण इंग्रजी शाळेत शिकली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलताना लिंग चुकतं. एका लग्नात ती 'माझा पुस्तक' म्हणाली आणि अख्खी पंगत हसली. तेव्हापासून आजी मराठीत विचारते आणि ही इंग्रजीत उत्तर देते. तिला या दोन बिल्ल्यांची गोष्ट सांगितली आणि विचारलं, कुठला लावशील?

"दुसरा," ती म्हणाली. आणि मग, मराठीत, "पण पहिला कोण लावणार? तू?"